नमुना ८१

वरून फोन आला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते आणि माहिती बारापर्यंत हवी होती. माहिती तशी साधीच. रोजगार हमीतून तालुक्यात किती विहिरी मंजूर, किती पूर्ण, किती अर्धवट, आणि लाभार्थ्याच्या जमिनीचा तपशील. फक्त ती ‘विहित नमुन्यात’ हवी होती. विहिरींचं आम्हाला काही वाटलं नाही, त्या जागेवरून हलत नाहीत. नमुना मात्र सापडेना.

आस्थापनेच्या मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे आहे, पण त्यात एक रकाना जास्त आहे. लेखा शाखेत सापडला त्यात एक रकाना कमी होता. ऑपरेटर मुलीच्या संगणकावर तो तीन अवतारांत निघाला: ‘विहीर’, ‘विहीर नवीन’ आणि ‘विहीर नवीन (जुनी)’. शेवटी मोखाड्याला फोन लावला. तिथल्या भाऊसाहेबांनी तत्परतेने छापील कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटोत ‘शेरा’ या रकान्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता. त्या रकान्यात आम्ही आजवर जे लिहीत आलो त्यापेक्षा तो गोल जास्त बोलका होता.

बारा वाजता वरून पुन्हा फोन. राहू द्या, नमुना बदललाय, सुधारित पाठवतो.

नवे साहेब आपल्या दारात उभे राहून हे बघत होते. वयाने तरुण, पहिलीच नेमणूक, डोळ्यांत अजून चमक. ते म्हणाले, “एक शेअर्ड फोल्डर करा. सगळी टेम्प्लेट्स त्यात. प्रत्येक मशिनवर तोच डीफॉल्ट सेट करा. साधी गोष्ट आहे.” सरकारी कार्यालयात ‘साधी गोष्ट आहे’ हे ज्याच्याकडे बघून म्हटलं जातं, त्याचे पुढचे तीन महिने गेले म्हणून समजावं. साहेब माझ्याकडे बघत होते. मागच्या पावसाळ्यात प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद मी चिमट्याने काढला होता, तेव्हापासून संगणकाचं जे काही असेल ते माझं.

आमचं कार्यालय कोणतं ते विचारू नका. जव्हारसारख्या गावात कार्यालयं मोजकी, लगेच ओळखाल. माझी नेमणूक जव्हारला आणि मोखाड्याचा ‘अतिरिक्त कार्यभार’. अतिरिक्त कार्यभार म्हणजे पगार एका खुर्चीचा आणि बोलणी दोन खुर्च्यांची.

साहेबांच्या तोंडी तो शब्द ‘टेम्प्लेट’ असा आला, पण आम्हाला तो नवा नव्हता. आमच्याकडे त्याला नमुना म्हणतात, आणि सगळं राज्य त्याच्यावर चालतं. महसुलात गावाचे नमुने १ ते २१. ग्रामपंचायतीत १ ते ३३: नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, ५ म्हणजे रोकडवही, ८ म्हणजे घरपट्टीची आकारणी, ९ म्हणजे मागणी, १० म्हणजे पावती, आणि ३३ वा वृक्षांच्या नोंदीचा. गावचं झाडदेखील नमुन्यात बसल्याशिवाय सावली देत नाही. पुन्हा आमच्या भाषेत विचित्र माणसालाही नमुनाच म्हणतात. ‘काय नमुना आहे!’ असं कुणी ओरडलं की कागदाबद्दल बोलतोय की आलेल्या माणसाबद्दल, हे मान वर करून बघावं लागतं.

सातबाऱ्याचंच घ्या. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एका कागदावर आले आणि दोन आकड्यांचा मिळून एक शब्द झाला. आता त्या शब्दावर कर्ज मिळतं, सोयरीक जुळते, भाऊ भावाचं तोंड बघत नाही. ‘सातबारा कोरा करा’ म्हणून मोर्चे निघतात, आणि भांडणात ‘तुझ्या नावावर सातबारा आहे का?’ असं विचारलं जातं. जगात दुसरीकडे कुठे टेम्प्लेटचा नंबर शिवीगाळीत वापरत असतील असं वाटत नाही.

हे नमुने ठेवायचे कुठे, याचीही आपल्याकडे मोठी परंपरा. पेशव्यांचं दफ्तर रुमालांत बांधलेलं असे. पुण्याच्या पुराभिलेखागारात ते रुमाल आजही आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी फडकं, त्यात कागद, वर गाठ. फोल्डरच तो, फक्त गाठ सोडायला पासवर्ड लागत नाही, नखं लागतात. पुढे आली सहा गठ्ठा पद्धत. चालू प्रकरणांपासून सुरुवात करून कागदांची सहा गठ्ठ्यांत वाटणी, आणि त्यातला शेवटचा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. नोकरीत लागलो तेव्हा ही पद्धत मी परीक्षेसाठी पाठ केली होती. प्रत्यक्षात आमच्या कार्यालयात सातवा गठ्ठा होता, आणि त्याचं नाव अण्णा.

अण्णा म्हणजे आमच्या कार्यालयातले जुने कारकून. जवळच्याच एका पाड्यावरचे, वारली. निवृत्तीला आठ महिने उरलेले. कोणता नमुना कुठे आहे, त्याच्या आधी कोणता होता, कोणत्या साली कोणत्या साहेबांनी त्यातला कोणता रकाना उडवला आणि पुढच्या साहेबांनी तो का परत आणला, हे सगळं अण्णांना ठाऊक. त्यांच्याकडे लोखंडी कपाट होतं, पण त्याची किल्ली कुणी मागायची नसे. अण्णांना मागायचं. अण्णा उठायचे, कपाटाआड अर्धे दिसेनासे व्हायचे, आणि कागद घेऊन यायचे.

मी त्यांना शेअर्ड फोल्डरची कल्पना समजावून सांगितली. सगळे नमुने एका जागी, ज्याला हवा त्याने तिथून घ्यायचा, मूळ नमुना कोराच राहणार. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आमच्याकडे लग्नात भिंतीवर चौक लिहितात, बघितलाय ना?”

बघितला होता. वारली लोक चौक ‘काढला’ म्हणत नाहीत, ‘लिहिला’ म्हणतात. सवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात, मधे पालघट देवी, आणि धवलेरी गाणी म्हणते तेव्हा कुठे लग्न लागतं.

“त्याचा नमुना कोणत्या कपाटात असतो?” अण्णा म्हणाले.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी झेड ड्राइव्ह बनवायला गेलो.

खोलीत सगळ्यात दणकट दिसणाऱ्या संगणकाला मी ‘सर्व्हर’ म्हणायला लागलो. तो दणकट नव्हता, त्याचं खोकं मोठं होतं. त्यात ‘सामाईक नमुने’ नावाचा फोल्डर केला, बाकीच्या आठ मशिनी वायरीने जोडल्या आणि प्रत्येकीवर त्या फोल्डरला झेड हे अक्षर दिलं. मग एकेका खुर्चीजवळ जाऊन एक्सेलमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह. तिथे खालच्या बाजूला एक लांबट चौकट असते, ‘डीफॉल्ट पर्सनल टेम्प्लेट्स लोकेशन’. तिच्यात फोल्डरचा पत्ता टाकायचा, ओके म्हणायचं, संपलं. ही झाली पुस्तकातली गोष्ट. खरी गोष्ट अशी की ती चौकट २०१३ च्या आवृत्तीपासून आली आणि आमची दोन यंत्रं त्याआधीची. ती चौकट यंत्राची नसून माणसाची असते, ज्याचं लॉगिन त्याची चौकट. आमच्याकडे एका यंत्रावर तीन माणसं बसतात आणि तिघं एकाच लॉगिनने शिरतात, तेव्हा त्या यंत्रावर मी सुटलो. मॅडमचं मात्र स्वतःचं लॉगिन होतं आणि पासवर्ड त्यांच्या मुलाला माहीत होता, तो नाशिकला. एका लॅपटॉपवर लिबरऑफिस निघालं. तिथे टूल्स, ऑप्शन्स, पाथ्स असं जावं लागतं, आणि तिथे एकापेक्षा जास्त पत्ते देता येतात. सरकारी स्वभावाला हे सॉफ्टवेअर जास्त मानवेल असं माझं मत आहे.

एवढं करून एक्सेलात ‘न्यू’ दाबलं की नमुने दिसतात कुठे? ‘पर्सनल’ या मथळ्याखाली. म्हणजे जे सर्वांचं ते वैयक्तिक. लेखा शाखेने तिथे बोट लावायला साफ नकार दिला. “वैयक्तिकमध्ये सरकारी कागद ठेवला तर ऑडिटला काय सांगू?”

पहिला प्रयोग अण्णांच्या हातून व्हावा अशी साहेबांची इच्छा. सगळे जमले. अण्णांनी ‘नमुना ८’ वर दोनदा टिचकी मारली. कोरा तक्ता उघडला. साहेबांनी मान डोलावली. अण्णा मात्र खिडकीच्या वरच्या पट्टीकडे बघत राहिले.

“हा नमुना ८ नाही.”

“तोच आहे अण्णा.”

“वर वाचा. नमुना ८१.”

खरंच तसं होतं. टेम्प्लेट उघडली की एक्सेल तिची नवी प्रत काढतं आणि नावाला शेपटीसारखा एक लावतं. नमुना ८ चा झाला नमुना ८१. ती मिटून पुन्हा उघडली तर नमुना ८२. मी घाईघाईने खुलासा केला, पण अण्णांचा मुद्दा बिनतोड होता: ग्रामपंचायतीचे नमुने तेहेतीसच आहेत, हा ८१ वा कोणत्या शासन निर्णयाने आला? आणि निर्णय आला असेल तर प्रत कुठे आहे? साहेबांनी घड्याळ बघितलं.

त्या दिवसापासून नवं काही चुकीचं दिसलं की आमच्याकडे ‘एक्क्याऐंशी आला’ म्हणतात. नवीन शिपाई रुजू झाला तेव्हाही कुणीतरी म्हणालं.

अण्णांना कोरी प्रत नको होती, मूळच हवं होतं. त्यांनी उजवी टिचकी मारून मूळ नमुना उघडला, त्यात एका गावाची घरपट्टी भरली आणि नेहमीच्या सवयीने सेव्ह केलं. पुढचे तीन दिवस तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीचा नमुना ८ उघडला की त्याच गावची घरं निघत. त्या गावच्या सरपंचांना कळलं असतं तर त्यांनी तालुका मागितला असता. मी मूळ फायलींना ‘फक्त वाचा’ असं कुलूप लावलं. चौथ्या दिवशी साहेबांनी स्वतः एक तक्ता उघडायला घेतला तर पडद्यावर सूचना आली की ही फाईल ‘ॲडमिन’ने उघडली असून आता फक्त वाचता येईल. साहेब बाहेर आले. “सामान्य प्रशासनाने आपली फाईल कशाला उघडलीय? चौकशी लागलीय का?” खोलीत टाचणी पडली असती तर आवाज झाला असता, टाचण्या आमच्याकडे भरपूर आहेत. मी हळूच सांगितलं की आपल्या नऊपैकी सात यंत्रांचं नाव ॲडमिनच आहे. “मग आत्ता कोणत्या ॲडमिनने उघडलीय?” ते शोधायला मी नऊ खुर्च्या फिरलो. नवव्या खुर्चीवर कुणी नव्हतं, फाईल उघडी होती, शेजारी अर्धा वडापाव.

शिवाय वीज. जव्हारच्या पावसाळ्याचं वर्णन पर्यटनाच्या पत्रकात वाचावं: हिरवे डोंगर, धुकं, दाभोसाचा धबधबा, ठाण्याचं महाबळेश्वर. कार्यालयात बसून तोच पाऊस बघितला की एवढंच दिसतं की लाईट गेली. सर्व्हर गेला की झेड जातो, झेड गेला की सगळ्यांचं एक्सेल नमुना शोधत डोळे मिटून बसतं आणि वर ‘नॉट रिस्पाँडिंग’ लिहितं. पुढे लाईट असतानाही रोज दुपारी दोनच्या सुमाराला झेड गायब होऊ लागला. मी वायरी तपासल्या, स्विच बदलला. शेवटी एक दिवस दबा धरून बसलो. झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या, सर्व्हरची पिन काढली, मोबाईल चार्जिंगला लावला. “बंदच असतो की ओ तो,” त्या म्हणाल्या, “कुणी बसत तर नाही त्याच्यावर.” बरोबरच होतं. ज्या यंत्रापुढे माणूस बसत नाही ते सरकारी कार्यालयात चालू आहे हे समजायचं कसं?

सगळ्यांत जास्त दिवस छळलं ते पत्त्याने. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून आठ तालुके निघून पालघर जिल्हा झाला. त्याआधी मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामाला शंभरावर किलोमीटर ठाण्याला जावं लागे. म्हणजे जिल्हा होऊन दहा वर्षं उलटून गेलेली. तरी मी नमुने गोळा करायला लागलो तर दर तिसऱ्या मथळ्यात ‘ता. जव्हार, जि. ठाणे’. कुणी मुद्दाम लिहीत नव्हतं. कुणीतरी २०१३ साली एक तक्ता केला, पुढच्याने तो ‘सेव्ह ॲज’ केला, त्याच्या पुढच्याने तो. प्रत्येकाने आतले आकडे बदलले. मथळा वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही. शंभर वर्षांत या गावाचा पत्ता कागदावर किती वेळा हलला असेल ते बघा: मुकण्यांचं संस्थान, १९४८ ला विलीनीकरण, ठाणे जिल्हा, मुंबई राज्य, महाराष्ट्र, पालघर. गाव आपलं जागेवर. नगरपरिषद तर १९१८ ची, संस्थानी काळातली. ‘जव्हार जिल्हा झालाच पाहिजे’ ही मागणीही जुनी आहे, आणि ती मान्य झाली तर माझी एकच विनंती आहे की मथळे आधी बदला, मग फीत कापा. दरम्यान २०२४ मध्ये तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी झालं आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी. हुद्दा लांबला, सहीची जागा तेवढीच राहिली. आमच्या नमुन्यात आता ‘ग्रामपंचायत अधि’ एवढंच बसतं.

मोखाड्याची तऱ्हा वेगळी. जव्हारहून एसटीने जायचं, वाटेत वळणं मोजायची. तिथल्या यंत्रांना जव्हारचा झेड दिसणं शक्य नव्हतं. दोन कार्यालयांना जोडणारी वायर म्हणजे मी. इंटरनेटवर फोल्डर ठेवावा असं साहेबांनी सुचवलं. मोखाड्यात इंटरनेट असतं, पण ते जागेवर असतं. पंखा असतो तसं. तिथे जाऊन उभं राहावं लागतं. प्रत्येक गावाला आपली रेंजची जागा माहीत असते: कुठे शाळेची मागची भिंत, कुठे मारुतीच्या देवळाचा कट्टा, कुठे नुसताच एक दगड. तेव्हा मोखाड्यात दुसरा सर्व्हर, दुसरा झेड, आणि दोन्हींतले नमुने सारखे राहावेत म्हणून माझ्या शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह. म्हणजे साहेबांच्या शेअर्ड फोल्डरचं नेमकं ठिकाण विचाराल तर मंगळवार-गुरुवार ते जव्हार-मोखाडा एसटीत खिडकीशेजारी असे.

मोखाड्याच्या भाऊसाहेबांना हे प्रकरण लगेच समजलं. ते म्हणाले, “बोहाड्यासारखं आहे. मुखवटा तोच, आत नाचणारा वेगळा.” मोखाड्याचा बोहाडा ज्याने बघितलाय त्याला टेम्प्लेटवर व्याख्यान द्यायची गरज नाही. तिकडे नमुना डोक्यावर बांधून रात्रभर नाचवतात, आणि सकाळी तो जिथला तिथे परत जातो. आमच्याकडे सकाळी परत जात नाही एवढाच फरक.

मोखाड्याच्या विहिरींचा तक्ता भरायला घेतला आणि सातबाऱ्याने हिसका दाखवला. रकान्याचं शीर्षक होतं नुसतं ‘७/१२’. इंग्रजी आकड्यांत टंकून एंटर मारलं आणि एक्सेलने ते ७ डिसेंबर करून टाकलं. त्याला दोन आकड्यांमध्ये तिरकी रेघ दिसली की तारीखच आठवते. खालचे गट नंबरही गेले: १२/१ चा झाला १२ जानेवारी, ३/४ चा ३ एप्रिल. एका लाभार्थ्याचा नंबर २/४५ होता, तो थेट फेब्रुवारी १९४५ ला पोचला, स्वातंत्र्याच्या आधी. बरं, जव्हारच्या यंत्रात तारखेची पद्धत आपली आणि मोखाड्याच्या एका यंत्रात अमेरिकेची, महिना आधी. त्यामुळे त्याच शीर्षकाचा जव्हारात ७ डिसेंबर आणि मोखाड्यात १२ जुलै. ऑपरेटर मुलगी हुशार. तिने रकाना निवडून ‘टेक्स्ट’ केला, म्हणजे आता तरी मुकाट्याने सातबारा दिसेल. दिसलं ४५९९८. एक्सेल तारखा १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजून ठेवतं. २०२५ चा ७ डिसेंबर म्हणजे त्याच्या हिशेबी पंचेचाळीस हजार नऊशे अठ्ठ्याण्णवावा दिवस. घाईत तसाच गेला तक्ता वर. उलट टपाली विचारणा आली: ‘रकाना क्र. ६ मधील रक्कम कोणत्या लेखाशीर्षातील आहे?’

हा खरा तर शेअर्ड नमुन्याचा विजय व्हायला हवा होता. मूळ नमुन्यात तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवला की कुणाचा सातबारा डिसेंबरात जात नाही, एकाने एकदा केलं की सगळ्यांचं भागतं. मी तसं केलंही. पण कोरा नमुना कुणी उघडेल तर ना! सगळे मागच्या महिन्याचीच फाईल उघडत. का? तर त्यात गावांची नावं आधीच असतात. आमचा खरा डीफॉल्ट हाच: मागचं उघड, वरचा महिना बदल, खाली सही.

दिवाळी झाली की आमच्याकडचे पाडे रिकामे होतात. भात, नागली घरात आली की माणसं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात, पोरंही बरोबर. शिमग्याला तोंड दाखवून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या डिसेंबरात अंगणवाड्यांचा वजनांचा तक्ता आमच्याकडून एकत्र होऊन गेला. चारआठ दिवसांनी एका ताईंचा फोन. दूरच्या पाड्यावरची अंगणवाडी, त्या रेंजच्या जागेपर्यंत चालत आलेल्या, धाप ऐकू येत होती.

“सर, तुमच्या कागदावर माझ्या पाड्यावर एकतीस पोरांची वजनं झालीत. मी तर चारच पाठवली होती.”

मी तक्ता काढला. एकतीसच होती. ऑक्टोबरचीच.

“बाकीची सत्तावीस कुठं दिसली ते सांगा,” त्या म्हणाल्या, “जाऊन वजन करून येते.”

१९९२ च्या सुमाराला वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी या तालुक्याचं नाव राज्यभर झालं. तेव्हापासून आमच्याकडच्या वजनाच्या रकान्याकडे बाकीच्या रकान्यांसारखं बघता येत नाही, येऊ नये. कागदावर पाडा भरलेला आणि पाड्यावर एक म्हातारा, दोन कोंबड्या. त्या दिवशी मी दोन्हीकडच्या सगळ्या फायलींतले जुने आकडे पुसायला बसलो आणि रात्री आठला उठलो. माझ्या तीन महिन्यांत तेवढंच काम मला काम वाटलं.

एक तक्ता तेवढा मी पुसला नाही. टंचाईचा. त्याला कोरा नमुना लागतच नाही. मोखाड्यात पावसाळ्यात छत्री मिटायला सवड मिळत नाही, डोंगरात मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईच्या नळाला येतं, आणि मार्च उजाडला की पाड्यांवर टँकर. मागच्या वर्षीची फाईल उघडावी, सन बदलावं. गावं तीच, पाडे तेच, विहीर किती अंतरावर तेही तेच. ‘सेव्ह ॲज’ची एकही चूक त्या तक्त्यात कधी सापडली नाही.

साहेबांची बदली झाली. नवे आले ते म्हणाले, फोल्डर वगैरे कशाला, व्हॉट्सॲप ग्रुप करा. ग्रुप झाला. आता सुधारित नमुना तिथे येतो आणि ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली तासाभरात बुजतो. झेड अजून आहे. परवा उघडून बघितला: नमुने माझेच, शिवाय मोगऱ्याच्या भावाचा तक्ता, शिपायाच्या मुलीची लग्नपत्रिका, कुणाच्या तरी शिर्डीचे फोटो, आणि ‘नमुना ८१’ नावाची एक फाईल. तीही सेव्ह केलेली.

अण्णा गेल्या महिन्यात निवृत्त झाले. जाताना कपाटाची किल्ली मला दिली. कपाट उघडलं, तर आत एक छत्री आणि कोरे कागद. नमुने नव्हतेच. इतकी वर्षं कपाटाआड जाऊन ते करत काय होते कुणास ठाऊक.

काल पुन्हा सव्वाअकराला वरून फोन. विहिरींचा तक्ता, बारापर्यंत. ऑपरेटर मुलीने झेड उघडला नाही, ग्रुप बघितला नाही, मला विचारलं नाही. सरळ अण्णांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अण्णा शेतावर होते. थांब म्हणाले, बांधावर येतो, इथं रेंज नाही. वारा ऐकू येत राहिला, मग त्यांचा आवाज.

“हां, बोल. विहिरीचा का? झेडमध्ये जा. डावीकडून तिसरा. तो नाही, त्याच्या खालचा. उघडला? वर जिल्हा बघ.”

“पालघर आहे अण्णा.”

“बरं. आता सातबारा टाक. पण आधी टिकली लाव.”

आकड्याच्या आधी ते एकेरी अवतरणचिन्ह टाकलं की एक्सेल त्याला हात लावत नाही, जे टंकलं ते तसंच ठेवतं. हे मी कुणाला शिकवलं नव्हतं, मलाच ठाऊक नव्हतं. अण्णा त्याला टिकली म्हणतात. वाऱ्यात आवाज तुटायला लागला तसे ते बांधावरून ओरडले, “टिकली लावलीस का?”

सगळं कार्यालय वळून बघायला लागलं, आणि पोरीचा हात आधी कपाळाकडे गेला.